टेबलाची पासिंग

मे महिन्याच्या दुपारी शहाणा नागपूरकर कूलरसमोरून हलत नाही. माझा भाचा मात्र खामल्याच्या घरी पोर्चमध्ये बसून टोयोटा प्रियसचा इन्व्हर्टर उघडत होता. दिल्लीच्या मायापुरीतलं भंगार ते. कंपाउंडवरून डोकावत शेजारच्या काकांनी विचारलं, "दोन पंखे अन् फ्रीज ओढते का बे?"

काका अगदीच चुकले नव्हते. बॅटरीच्या डीसीचा एसी करणं, हेच याचंही काम. फक्त तो एसी थ्री-फेज असतो आणि मोटरच्या वेगाप्रमाणे त्याची फ्रिक्वेन्सी बदलत राहते. बॅटरी सुमारे २०० व्होल्टची, पण आतला बूस्ट कन्व्हर्टर तो दाब ६५० व्होल्टपर्यंत चढवतो. आकडा ऐकला आणि काका कंपाउंडपासून दोन पावलं मागं सरकले.

"मामाजी, याचा मेंदू काढून टाकायचा," भाचा सांगू लागला. कंपनीचा इन्व्हर्टर कंपनीच्याच कॉम्प्युटरचं ऐकतो. म्हणून जर्मनीतले योहान्नेस ह्यूबनर आणि आयर्लंडचे डेमियन मॅग्वायर यांच्यासारख्या उद्योगी मंडळींनी वाट काढली: जाड करंट झेलणारा भाग आणि पाण्यानं थंड होणारी प्लेट तशीच ठेवायची, कंट्रोल बोर्ड तेवढा आपला बसवायचा. त्याची प्रोग्रामिंग सगळ्यांना खुली. ज्याला वाटेल त्यानं वाचावी, दुरुस्त करावी.

नवा मेंदू बसवलेला हा इन्व्हर्टर जायचा होता भाऊजींच्या होंडा सिव्हिक हायब्रिडमध्ये. २००८ साली ही गाडी साडेएकवीस लाखांना आली, खपेना, तेव्हा त्याच वर्षी तिची किंमत सुमारे आठ लाखांनी उतरवली. तेवढ्यात भाऊजींनी ती घेतली. म्हणजे त्यांच्या मते त्यांनी गाडी घेतली नाही, आठ लाख वाचवले. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये चपटी मोटर असते. इंजिनाला ढकलणं हेच तिचं मुख्य काम. भाच्याला हा त्या मोटरवर अन्याय वाटे.

आधी चाचणी. भंगारातलीच एक मोटर टेबलाला आवळली आणि ४८ व्होल्ट दिले. मोटर जागच्या जागी थरथरायला लागली. रोटर कुठल्या कोनात आहे हे कंट्रोलरला नीट कळलं नाही की असंच होतं. ताईनं तेल टाकायला सांगितलं. काका म्हणाले, "कंडेन्सर गेला असंल." नागपुरात कुठलीही मोटर ही मुळात कूलरचीच असते. इस्त्रीवाल्यानंही दोन शब्द टाकले.

खुल्या प्रोग्रामिंगमध्ये कोणी, कधी, काय आणि का बदललं याची नोंद राहते. आमच्याकडचे सल्लेही फुकटच, पण नोंद नाही. फसल्यावर "मी कुठं म्हटलं होतं?" आणि जमल्यावर "म्हटलं नव्हतं काय?", एवढ्या दोनच आवृत्त्या.

भाच्यानं वायरींची अदलाबदल करून कोन पुन्हा जुळवला. मोटर सुरेख फिरली. "म्हटलं नव्हतं काय?" काका म्हणाले.

इतका वेळ गप्प बसलेले भाऊजी उठले. भाऊजी वकील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांनी उभ्यानंच ऐकवलं: नोंदणीत आहे त्याहून गाडी वेगळी करता येत नाही, किट बसवायचं तर मान्यताप्राप्त संस्थेनं पास केलेलं हवं. मग सिव्हिकची किल्ली खिशात टाकत म्हणाले, "रस्त्यावर न्यायची लइच हौस असंल, तर टेबलाची पासिंग करून आण."