भिंतभर फोम चिकटवणाऱ्या महाशयांस खुले पत्र

महाशय,

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आपण चारही भिंतींवर एक इंची फोम चिकटवलात, ‘आता स्टुडिओच झाला’ म्हणालात आणि पैसे मोजून घेऊन गेलात. स्पीकर कुठे आहेत, ऐकणारा कुठे बसतो, हे एकदाही विचारले नाहीत. रंगारीसुद्धा डबा उघडण्याआधी कोणता रंग हवा ते विचारतो!

इतका पातळ फोम शोषतो ते बहुतांशी हजार हर्ट्झच्या वरचे. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. तिला एक इंचाची काय मातब्बरी? परिणाम कानांना कळतो: तानपुऱ्याची जवारी कोमेजली आणि डग्ग्याचा घुमारा सिमेंटच्या भिंतींत तसाच राहिला. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते. तिचा जोर कोपऱ्यांत सर्वाधिक असतो, आणि नेमके कोपरेच आपण मोकळे सोडलेत.

करायचे होते ते अवघड नव्हते. मला खुर्चीत बसवून बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायचा. जिथे स्पीकर दिसेल तिथे चार इंची रॉकवूलचे पॅनेल, मागे थोडी पोकळी ठेवून. छतालाही तोच न्याय. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत जाड बेस ट्रॅप. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर असेल, तर १४० हर्ट्झच्या सुमारास आवाजात खड्डा पडतो. तो फोमने बुजत नाही, जागा बदलून पाहावी लागते.

वॉलेस सबाइन यांनी १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहाचे काम हाती घेतले, तेव्हा खुर्च्यांवरच्या गाद्या आणून, त्या कमीजास्त करत, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. आधी मोजणी, मग उपाय. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या पिशवीत फक्त गोंद आणि कात्री!

वर ‘शेजाऱ्यांना आवाज जाणार नाही’ हे आपले आश्वासन. आवाज अडवायला वजनदार भिंत आणि बुजवलेल्या फटी लागतात. फोमला त्यातले काहीच जमत नाही. हे ठाऊक नसेल तर धंदा करू नका. ठाऊक असेल तर ही सरळ फसवणूक आहे.

वाचकहो, गाणे मनापासून ऐकायचे असेल तर आधी कोपरे भरा, मग बाजूच्या भिंती पाहा. आणि आरसा न काढता थेट गोंद काढणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आपला,
एक श्रोता