मामा, तुम्ही बसा

खानदेशात जावई सासऱ्याला मामा म्हणतो. कॅनडात, ब्रॅम्प्टनला लेकीच्या घरात पाऊल टाकलं, तसे जावईबापू म्हणाले, "मामा, तुम्ही बसा." मी बसलो. दोन महिने बसलो.

तळोद्याच्या माणसाला बसायची सवय नाही असं नाही. निवृत्तीनंतरची सहा वर्षं मी चहाच्या टपरीवर बसूनच काढली. पण तिथं बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा विचारतो, पपईला भाव काय निघाला, अमक्याच्या पोरीचं जमलं का. इथं खिडकीतून दिसायची एक खार, आणि तीसुद्धा सदा कामात.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा मालक बारडोलीकडचा निघाला. गुजरातची हद्द आमच्या उशाशी, म्हणून माझी गुजराती बरी. शिवाय उभा जन्म सोसायटीच्या किर्दीत गेलेला. त्यानं माझा तोंडी हिशेब पाहिला आणि म्हणाला, "काका, काउंटर पर बेसी जाओ." पगारही सांगितला. मी तरंगतच घरी आलो.

जावयाचा चेहरा पडला. "मामा, तुम्ही व्हिजिटर आहात! परमिटशिवाय एक दिवस जरी काउंटरवर बसलात तरी पुढचा व्हिसा विसरा."

मग परमिट काढू, म्हटलं. तेव्हा कळलं, की मी पंगत उठल्यावर पोचलोय. कोविडमध्ये विमानं अडली, म्हणून ऑगस्ट 2020 मध्ये कॅनडानं एक सवलत दिली होती. व्हिजिटर म्हणून आलेल्याला कुणी नोकरी देऊ केली, तर त्यानं देशात राहूनच वर्क परमिटचा अर्ज करावा. ही सवलत फेब्रुवारी 2025 पर्यंत चालायची होती. सरकारनं ती 28 ऑगस्ट 2024 लाच गुंडाळली. आता माझ्यासारख्यानं घरी परतायचं आणि अर्ज तिथून करायचा. म्हणजे काउंटर ब्रॅम्प्टनला आणि अर्ज तळोद्याहून.

दुसरीही एक वाट होती म्हणे. आधीच कॅनडात असलेले कित्येक जण अमेरिकेच्या हद्दीवर जायचे, झेंड्याच्या खांबाला वळसा घातल्यासारखे पलीकडे जाऊन लगेच परतायचे आणि नाक्यावरच परमिट मागायचे. वर्क परमिटसाठी ही प्रदक्षिणाही 23 डिसेंबर 2024 ला बंद झाली. मला नवल वाटलं नाही. दारूबंदीतल्या गुजरातेतून आमच्या बाजूला घटकाभर येऊन जाणारी मंडळी मी पाहिली आहेत; परतताना त्यांचंही स्टेटस बदललेलंच असतं.

शिवाय नुसता माझा अर्ज पुरत नाही. बहुतेक नोकऱ्यांत आधी मालकानं सिद्ध करायचं, की या कामाला इथला माणूस मिळत नाही. त्यासाठी काही आठवडे जाहिरात द्यायची. हे ऐकलं आणि मला आमच्या तळोद्यातली बारगळांची गढी आठवली.

होळ गावचा मल्हारी लहानपणीच बापाविना पोरका झाला. आई त्याला घेऊन तळोद्याला भावाकडे, भोजराज बारगळांकडे आली. पोरगं आलं पाहुणा म्हणून. मामानं हाती काठी देऊन मेंढ्यांमागे धाडलं. पुढे काठी जाऊन भाला आला, सरदार कदमबांड्यांच्या पथकात चाकरी लागली, मामानं आपली लेक गौतमाही दिली. त्याचे सुभेदार मल्हारराव होळकर झाले. भोजराजमामांना आधी काही आठवडे दवंडी पिटावी लागली असती, की 'तळोद्यात मेंढ्या राखायला कुणी मिळत नाही', तर इंदूरचं काय झालं असतं कोण जाणे. अर्थात तिथं मामाघरी भाचा होता. इथं मामाच जावयाघरी. अशा उलट्या नात्याला इतिहासातही परमिट मिळालेलं नाही.

माझा उतरलेला चेहरा पाहून लेकीनं सरकारी नियम उघडून वाचून दाखवले. काय काय काम धरलं जात नाही, ते त्यात लिहिलंय: भेटीला आलेल्या आईनं लेकीचं मूल सांभाळलं तर ते काम नव्हे, मामानं किंवा काकानं भाच्या-पुतण्याला घर बांधायला हातभार लावला तर तेही नव्हे. (मामा की काका, ते कळायला मार्ग नाही, इंग्रजीत दोघं एकाच पाटावर बसतात.)

"बघ," मी सौभाग्यवतींना म्हणालो, "तुला परवानगीची गरजच नाही. नातवाला तेल लावणं, त्याच्या रात्री जागवणं, भाकऱ्या, कपडे, हे काही काम नव्हे. खुद्द कॅनडा सरकार म्हणतंय."

ती कळण्याचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "एवढं ऐकायला विमानाचं तिकीट कशाला काढलं? तळोद्यात तुमची आई हेच सांगायची."

आणि लसणाची ताटली माझ्यापुढे सरकवली. "सोला. हेबी काम नाही."