रूटसाहेब दारातच!

ठाकुर्लीत नव्वद फुटी रस्त्याच्या टॉवरांत हल्ली लिनक्सवाले बरेच. दिवसा ऐरोलीच्या कंपनीत साहेबांचं ऐकायचं, रात्री घरच्या लॅपटॉपवर स्वतःच साहेब. ‘सु’ मारून गडी रूट होतो, डिस्कची वाटणी करणारा जीपार्टेड उघडायला जातो आणि उत्तर येतं : ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’. अख्खी डिस्क पुसायची मुभा आहे, एक विंडो उघडायची नाही!

मग कुणीतरी कधीकाळी सांगितलेला मंत्र आठवतो : एक्सहोस्ट प्लस. विंडो उघडते, साहेब खूश. चेअरमनला वॉचमनने अडवलं म्हणून सोसायटीचं गेटच भंगारात काढल्यासारखं हे.

कारण पडद्यावर विंडो मांडणाऱ्या, १९८४ साली एमआयटीत जन्मलेल्या एक्स विंडोला आतल्या भिंती नाहीत. एकदा आत आलेला प्रोग्रॅम शेजारच्या विंडोत टाइप होणारा पासवर्डही वाचू शकतो. म्हणून दारावर १२८ बिटांची कुकी, बहुधा तुमच्या होममधल्या डॉट एक्सऑथॉरिटी फाइलीत. रूटला ती वाचता येते. बिचारा शोधतो मात्र स्वतःच्या होममध्ये. त्याला डिस्प्ले आणि त्या फाइलीचा पत्ता द्या, संपलं. तेही जड जात असेल तर एक्सहोस्टला नुसता प्लस न देता ‘प्लस एसआय कोलन लोकलयूजर कोलन रूट’ असं नाव घेऊन सांगा. हल्लीचा एक्स सहसा नेटवर्कवर कान देत नाही, हे खरं. पण ऑफिसच्या एकाच सर्व्हरवर दहाजण लॉगिन करून बसतात, तिथे काय?

आणि मुळात रूटला विंडो हवी कशाला? बदलायची ईटीसीतली एक ओळ, त्यासाठी अख्खा एडिटर प्लगिनांच्या वरातीसकट रूट म्हणून चालवायचा! सुडोएडिट तीच फाइल कॉपी करून तुमच्या नावाने उघडतो आणि सेव्ह करून एडिटर बंद केला की जागेवर ठेवतो. सुडोने थेट विंडो उघडणाऱ्यांच्या होममधल्या फाइली कधी कधी रूटच्या मालकीच्या होतात. त्यात डॉट एक्सऑथॉरिटी सापडली, की पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा हजर!

२०१६ मध्ये फेडोरा २५ ने एक्सऐवजी वेलँड मुख्य केलं आणि रूटच्या विंडो अडल्या, तेव्हा केवढी ओरड झाली. ती ओरड फुकट होती, असं माझं मत.

लॉगिन स्क्रिप्टमध्ये ती एक्सहोस्ट प्लसची ओळ अजून असेल, तर आजच खोडा. आणि चालू सेशनसाठी एक्सहोस्ट मायनस मारा.