नाताळ एप्रिलात लागतो

नाताळ 25 डिसेंबरला असतो, हे झालं कॅलेंडरापुरतं. वसईकडच्या ज्या घरात काटकसरी मावशी आहे, त्या घरात तो एप्रिलातच लागतो. हंगाम सरत आला की नाशिककडची काळी द्राक्षं उतरतात, मणी देठापासून सुटायला लागतात आणि विकणाऱ्याला दिवस मावळायच्या आत पेटी रिकामी करायची असते. मावशी नेमकी त्याच घटकेला बाजारात उगवते. "सुटी द्राक्षं कोण घेतंय रे बाबा तुझी?" इथपासून सुरुवात करून ती त्याला असा काही खचवते की पैसे घेताना त्यालाच उपकार झाल्यासारखं वाटतं.

ही मावशी कोणा एकाच्या मालकीची नाही. प्रत्येक धर्मग्रामात ती एक तरी असतेच. निर्मळला आहे, भुईगावला आहे, नंदाखालला तर दोन आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही, कारण पहिलीने दुसरीची टुटीफ्रुटी 'बाजारची' असल्याचा संशय चारचौघांत बोलून दाखवला होता. वांद्र्याच्या जुन्या गावठाणात ती सापडते, खोताच्या वाडीत सापडते. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे दुखरे, नजर मात्र तीक्ष्ण. रद्दीत टाकलेली रिबीन तिला रस्त्याच्या पलीकडून दिसते.

तर द्राक्षं. चिनीमातीच्या बरणीत द्राक्षं, साखर, मूठभर गहू आणि चिमूटभर यीस्ट घालून तोंडाला फडकं बांधायचं, मग 21 दिवस रोज लाकडी डावाने ढवळायचं, गाळायचं, आणि पुन्हा 21 दिवस निवळत ठेवायचं. या द्रवाला वाईन म्हटलेलं तिला खपत नाही. ते 'औषध' आहे. ढवळायचं काम मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या भाचरंडांकडे. आजोळी आंबे खायला आलेली पोरं सकाळी दात घासून आधी बरणीपाशी रांग लावतात. डाव चाटायचा नाही, अशी सक्त ताकीद असते. बरणीच्या बाहेर मावशीने पेन्सिलीने पातळीची रेघ मारून ठेवलेली असते. रेघ रोज थोडी खाली जाते. मावशी ते हवेवर ढकलते, पण हवेला त्या दिवशी दुपारी जेवणात एक मासा कमी मिळतो.

याच सुमारास कलिंगडाच्या बिया वाळायला पडतात. मुंबईकडचं मार्झिपान बदामाऐवजी काजूचं करतात, ही मुळातच एक काटकसर. मावशी तिच्यावर आणखी एक मजला चढवते: काजूत मगज मिसळते. त्यामुळे उन्हाळाभर तिच्या घरी कलिंगड खाणाऱ्याने बी थुंकायची ती ठरलेल्या वाडग्यात. पाहुण्यांनाही सवलत नाही. नवा जावई पहिल्यांदा आला, तेव्हा त्याने भिडेपोटी बिया गिळल्या. मावशीने त्या कुठे गेल्या हे मुलीकरवी विचारलं.

पावसाळ्यात पपयांची पाळी येते. वादळात परसातलं झाड आडवं झालं की घरचे हळहळतात आणि मावशी विळी काढते. कच्च्या पपईचे बारीक चौकोनी तुकडे उकळायचे, काचेसारखे पारदर्शक झाले की पाकात टाकायचे आणि तीन वाटण्या करून लाल, हिरवा, पिवळा रंग द्यायचा. संत्र्यांच्या साली गेल्या हिवाळ्यातच पाकवून ठेवलेल्या असतात. बेदाण्याच्या जागी राजेळी केळ्याची सुकेळी बारीक चिरून जातात, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर बेदाण्यापेक्षा तीच केकात जास्त गोड लागतात. हा सगळा ऐवज रममध्ये मुरत पडतो. रम फौजेतून निवृत्त झालेल्या चुलत दिराकडून, कॅन्टीनच्या भावात. त्या दिरावर मावशीची ऑगस्टपासून विलक्षण माया जडते, आणि बाटली घरात आल्यावर ती ओसरते.

श्रावण हा मावशीच्या जिवाला लागलेला घोर आहे. आसपासची निम्मी जनता अंडं-मांस सोडते, अंड्यांचा भाव घसरतो, आणि ती अंडी डिसेंबरपर्यंत टिकत नाहीत! डिसेंबरात थंडी पडते, भाव चढतो, आणि केकला तर डझनावारी अंडी हवीत. या अन्यायावर एका मावशीने उपाय काढला होता. अंडी टिकत नाहीत ना, मग केकच श्रावणात भाजून ठेवू! रम पाजलेला केक महिनोन्महिने टिकतो हे खरं, पण ते वसईच्या हवेला कोणी सांगितलेलं नव्हतं. गौरी-गणपती होईतो त्याच्यावर पेरलेल्या नाचणीसारखी हिरवी लव उगवली. "वरचं खरवडलं की आत चांगला आहे," हे मावशीचं म्हणणं. ते ऐकून घरच्यांनी तो कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्यांनी त्यातली रम ओळखली, असं सांगतात.

तिला कंजूष म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. कंजूष माणूस वाचवतो आणि कुलूप लावतो. ही आठ महिने दातांनी पैसा धरते आणि चोवीस तारखेला अख्ख्या आळीला वाटत सुटते. तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे. पैसे ती वाचवते, पण कष्ट आजूबाजूच्यांचे जातात. घरचं, हातचं, स्वस्तातलं जे जे काही तिच्या घरात दिसतं, त्याच्यामागे पाठ दुखत असलेला एखादा नातेवाईक असतो.

दिवाळी हा तिचा सुगीचा काळ. भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी ती रस्त्यावरच्या मांडवांपुढून फिरते. चांदणीच्या आकाराचा आकाशकंदील अर्ध्या किमतीत मिळतो, आणि नाताळचा तारा म्हणजे दुसरं काय असतं? दिव्यांच्या माळाही तिथल्याच. पण तिचा खरा डोळा असतो किल्ल्यावरच्या मातीच्या चित्रांवर. गवळण, शेतकरी, गाय, शेळी, विहीर हे सगळं गव्हाणीच्या देखाव्याला जसंच्या तसं चालतं. मावळे मेंढपाळ होतात. हातातली तलवार हलकेच मोडून तिथे आगकाडीची काठी चिकटवली की झालं. मिशा तेवढ्या राहतात. महाराजांच्या मूर्तीला मात्र ती हात लावत नाही. दुकानदाराने "ही पण घ्या, स्वस्तात देतो" म्हटलं, तर त्याच्यावरच उखडते, "महाराजांना काय मेंढ्या राखायला बसवू?" 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्यानंतर मराठी शिपाई आणि बाळ येशू एका छपराखाली इतक्या गुण्यागोविंदाने नांदले असतील, तर ते मावशीच्या ओसरीवरच.

डोंगर सिमेंटच्या गोणीच्या कागदाचे, चुरगाळून, चहाच्या चोथ्याने रंगवलेले. हिरवळीसाठी करवंट्यांत नाचणी पेरायची, ती शेजारच्या काकूंनी घटस्थापनेला आणलेल्या धान्यातली उरलेली. आगमनकाळाच्या चक्राला चार मेणबत्त्या लागतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. त्या ती घरीच ओतते, वर्षभर वेदीपुढे जळालेल्या तुकड्यांतून. जांभळा रंग यावा म्हणून नातवाचे मेणाचे खडू त्यात जातात. एका वर्षी जांभळा संपला होता, म्हणून निळा आणि तांबडा घालून मेळ जमवला, आणि जे निघालं त्याला रंग म्हणावं की नाही, यावर घरात दोन तट पडले. घर आशीर्वादायला आलेल्या फादरांनी पाहिलं, आणि हसू दाबून इतकंच म्हणाले, "मावशी, ज्योत तर पिवळीच आहे ना!"

कपड्यांचंही असंच. मंगळदास मार्केटातून एकच तागा येतो. नवऱ्याचा शर्ट, पोरींचे फ्रॉक, सुनेचा कुर्ता, उरल्यास उशांचे अभ्रे, त्याहून उरल्यास पडदे. फोटोत जावई कुठे संपतो आणि सोफा कुठे सुरू होतो, हे शोधायला भिंग लागतं. मध्यरात्रीच्या मिस्सेला ही मंडळी बाकावर ओळीने बसली की कम्युनियन देणाऱ्याला आपण पुढे सरकलोच नाही असा भास होतो.

कुलकुल करायची रात्र पाहायलाच हवी. मैदा, रवा, नारळाचं दूध आणि अंडं घालून मळलेला पिठाचा गोळा मध्ये परातीत, भोवती चटईवर सगळे मांडी घालून. प्रत्येकाच्या हातात एक नवा कोरा कंगवा. पिठाची सुपारीएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेने उचलून गुंडाळत आणायची; जमलं तर शंख होतो, नाही तर अळी. मावशी मध्यभागी कढईपाशी. "जाड झालं." "हे कोणाचं? तोंड उघडं राहिलंय, तेलात सुटेल." मुलीच्या नवऱ्याने, जो संगणकाच्या कंपनीत मोठ्या पगारावर आहे, एकदा घड्याळ लावून हिशेब मांडला, की इतक्या वेळात आपण कचेरीत जे कमावतो त्यात अर्धी बेकरी येईल. मावशीने झारा खाली ठेवला नाही. "मग कमव आणि आण बेकरी," ती म्हणाली, "पण आधी ती परात संपव." कंगवे दुसऱ्या दिवशी धुऊन, पुसून, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळून भेट म्हणून वाटले जातात. मला मिळालेल्या कंगव्याच्या दातांत रवा होता.

केक मात्र घरी भाजत नाही, गॅस जळतो. पावाच्या भट्टीवर, बेकरीवाल्याचं काम उरकल्यावर, गावभरचे डबे रांगेत लागतात. डालड्याचे जुने, दुधाच्या पावडरीचे, एखादा बिस्किटाचा. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी असते, पण गावातल्या निम्म्या घरांचं आडनाव एकच असल्यावर चिठ्ठीचा उपयोग किती? म्हणून मावशी रात्रभर भट्टीसमोर पाटावर रोझरी घेऊन बसते. एका जपाला एक नजर. बेकरीतली पोरं तिच्या धाकाने डबा सरळ धरतात.

मग चोवीस तारखेला ताटं निघतात. नेवऱ्या, कुलकुल, दूधक्रीम, पेरूचं चीज, केकचा एक काप, वर गेल्या वर्षीच्या कॅलेंडराच्या पानाचं झाकण. कुणाच्या वाट्याला फेब्रुवारी येतो, कुणाच्या ऑगस्ट. शेजारच्या जोश्यांकडे, पलीकडच्या शेखांकडे, गावातल्या एकूण एक घरी, भांडण असेल तिथे एक नेवरी जास्त. आणि आपल्याकडे ताट रिकामं परत करायची रीत नाही. कोणीही निदान मूठभर साखर तरी घालतं. मावशी ती साखर एका डब्यात जमा करते, आणि वर्षअखेरीस तो डबा हातात तोलून तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते मिस्सेतही उमटत नाही. सून एकदा म्हणाली, "आई, सगळं धरलं तर बाजारातून आणणं स्वस्त पडेल हो." मावशीने वही उघडली. काजू, मैदा, अंडी सगळं होतं. मजुरीचा रकाना नव्हता. "घरच्यांची कसली मजुरी?" विषय संपला.

31 डिसेंबरच्या रात्री पोरं गवत भरून म्हातारा करतात, जुन्या वर्षाचा, आणि बाराच्या ठोक्याला चौकात पेटवतात. शर्ट-पँट कोणाच्या तरी घरची जुनी. यंदा काडी ओढणार इतक्यात मावशी गर्दीतून पुढे आली, हातात कात्री. म्हाताऱ्याच्या शर्टाची सहाही बटणं तिने एकेक करून कापली, पँटची झिप उसवली, पट्ट्याचं बक्कल काढलं. पोरं ओरडायला लागली, कारण बाराचा ठोका चुकून चालत नाही.

"थांबा रे," ती म्हणाली, "टोपी लोकरीची दिसतेय."