पत्त्यांची खानेसुमारी

सांगलीत पावसाळा लागला की आमचे बाबा सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न विचारतात, ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेलं आणि तेव्हापासून बाबांची चौकशी बारमाही झाली. मे महिन्यात नदीत म्हशी बसलेल्या असतानाही ते विचारतात.

मी न्यू जर्सीत असतो, पण रक्त तेच. मीही सकाळी चहाच्या आधी फोन उघडून एक आकडा बघतो. तो वाढू नये एवढंच देवाकडे मागणं. गेली दोन वर्षं तो अकरावर स्थिर होता.

प्रकरण बेसबॉलच्या एका जुन्या कार्डाचं आहे. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंची रंगीत चित्रं घालत असे. काडेपेटीहून जरा उंच, एवढासा पुठ्ठा. संग्राहक या मालिकेला टी-२०६ म्हणतात. टी म्हणजे टोबॅको. हे बारसं केलं जेफरसन बर्डिक या गृहस्थांनी. त्यांनी आयुष्यभर अशी कार्डं, चिठ्ठ्या, छापील चिटोरी जमवली. तीन लाखांवर नग! ते सगळं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकलं आणि १९६३ साली जाण्यापूर्वी अल्बमांत चिकटवून पुरं केलं. हो, चिकटवून. आजच्या संग्राहकाला हे सांगितलं तर तो छातीवर हात ठेवून खाली बसतो.

मला या नादाचं नवल वाटलं नाही. लहानपणी आम्ही पोरं पानपट्टीसमोरून सिगारेटची रिकामी पाकिटं गोळा करायचो. चारमिनार म्हणजे चिल्लर. कॅपस्टनवाला पोरगा सावकारासारखा चालायचा. गल्लीत कुणाकडे किती कॅपस्टन आहेत हे सगळ्यांना तोंडपाठ. मग एका दिवाळीत एका पोराचे मुंबईचे मामा राहायला आले. मामा कॅपस्टन ओढायचे, आणि जोरात ओढायचे. भाऊबीजेपर्यंत आमचा बाजार कोसळला. माणसाची श्रीमंती दुसऱ्याच्या मामावर अवलंबून असते, हा धडा मी तिथे शिकलो आणि लगेच विसरलो.

अमेरिकेत हे काम पद्धतशीर चालतं. कार्ड ग्रेडिंग कंपनीकडे पाठवायचं. तिथले परीक्षक कोपरे, कडा, सुरकुत्या तपासतात, दहापैकी गुण देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करून धाडतात. त्याला स्लॅब म्हणतात. आपल्याकडे घराचा स्लॅब पडला की पेढे वाटतात, इथे कार्डाचा पडला की. माझ्या कार्डाला चार गुण मिळाले. शाळेत मलाही साधारण एवढेच मिळत, त्यामुळे लळा लागला. खेळाडूचं नाव मात्र सांगणार नाही. ते वाचून कुणी माळा झाडायला घेतला तर?

कारण या कंपन्या खानेसुमारीही करतात. कुठल्या कार्डाला आजवर किती वेळा किती गुण दिले याचा तक्ता सगळ्यांना बघायला खुला असतो. त्याला पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणतात, लाडाने ‘पॉप’. माझ्या खेळाडूचे चार गुणवाले अकरा, पाचवाले दोन. सरकारी खानेसुमारीत घरोघरचे पत्ते लिहून घेतात. इथे पत्त्यांचीच शिरगणती. आणि गणतीत आपली संख्या कमी भरावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली जमात मी दुसरी पाहिली नाही.

या जमातीचं सुख दुसऱ्यांच्या नुकसानीवर पोसलेलं असतं. टॉप्स कंपनीचं १९५२ चं मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड घ्या. त्या वर्षीचे शेवटचे पुडे उशिरा बाजारात आले, खपले नाहीत आणि गोदामात पडून राहिले. १९६० साली कंपनीच्या साय बर्गर यांनी उरलेली खोकी बार्जवर लादली आणि अटलांटिकमध्ये बुडवली. साग्रसंगीत विसर्जन! फक्त ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायला कुणी नव्हतं, त्यामुळे कार्डं परत आली नाहीत. पीएसए या कंपनीने या मँटलला दहापैकी दहा दिले आहेत ते तीनदाच. २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीने साडेनऊ दिलेला एक मँटल १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. बर्गरसाहेबांनी समुद्रात काय सोडलं याचा हिशेब करताना आमच्यातले भलेभले हुंदका देतात, आणि ‘बरं झालं’ असंही पुटपुटतात.

उलटही घडतं. टी-२०६ मध्ये टाय कॉबचं एक कार्ड असं आहे की त्याच्या मागच्या बाजूलाही टाय कॉबचंच नाव छापलेलं. साऱ्या जगात जेमतेम पंधरा माहीत होती. २०१६ साली एका कुटुंबाने पणजोबांचं मोडकळीला आलेलं घर आवरायला काढलं. चुरगळलेली कागदी पिशवी फेकण्याआधी कुणीतरी आत डोकावलं. आत सात! त्या घरात आनंदीआनंद झाला असेल. मला मात्र त्या पंधरा मालकांची रात्र दिसते. कॅपस्टनवाले मामा सगळीकडे असतात, कुठे जिवंत, कुठे पिशवीत.

माझा मामा कुठल्या पिशवीत आहे या काळजीत असताना एका शनिवारी मी कार्डांच्या जत्रेला गेलो. जत्रा म्हणजे हॉटेलचा हॉल, लांब टेबलं आणि भिंगं लावून वाकलेली माणसं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, तांदूळ निवडतायत. तिथल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने माझं कार्ड उजेडात धरलं आणि म्हणाला, ‘‘हा चारचा नाही हो. हा पाचचा आहे. फोडा आणि परत पाठवा.’’

‘‘फोडायचं?’’

‘‘सगळेच फोडतात. तुम्हाला काय वाटलं, त्या तक्त्यात कार्डं मोजतात? तिथे गुण किती वेळा दिले ते मोजतात. एकच कार्ड फोडून तिघांनी पाठवलं की तक्त्यात तीन. जुन्या स्लॅबमधली चिठ्ठी कंपनीला परत केली तर एक कमी करतात. पण करतो कोण?’’

मला आपली वाघांची गणना आठवली. पूर्वी पाऊलखुणांवरून वाघ मोजत, तेव्हा एकाच वाघाचे दोन होण्याची सोय होती. पुढे कॅमेरे आले, पट्टे जुळवून बघू लागले आणि तिथला घोळ मिटला. आमचा तक्ता अजून पाऊलखुणांवरच आहे. फक्त होनस वॅगनरसारख्या बड्या धेंडांचे पट्टे लोकांना पाठ. टी-२०६ चे ते वॅगनर पन्नास-साठच उरले असावेत असं मानतात, आणि प्रत्येकाची कुंडली कुणाकडे तरी असते. त्यातल्या सर्वांत देखण्याला पीएसएने सुरुवातीलाच, १९९१ साली, आठ गुण दिले. २०१३ मध्ये तो पूर्वी विकणाऱ्यानेच कबूल केलं की आपण त्याच्या कडा कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला खरं तर गुणच मिळत नाहीत. गंमत बघा, कापलेला वॅगनर तक्त्यात आठचा मानकरी. बर्डिकांनी डिंकाने चिकटवलेला वॅगनर म्युझियमच्या अल्बमात, म्हणजे गणतीबाहेर. असलेले मोजले जात नाहीत आणि मोजलेले असतीलच असं नाही.

एवढं ज्ञान झाल्यावर शहाण्या माणसाने तक्ता बघणं सोडलं असतं. मी पक्कड शोधली.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर शस्त्रक्रिया झाली. प्लास्टिकचा एक तुकडा उडून थेट आमटीत. बायको म्हणाली, ‘‘पैसे देऊन बंद केलेलं, आता कष्ट करून उघडतोयस, आणि परत पैसे देऊन बंद करणार.’’ मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पाचच्या रकान्यात दोनच होते. तिसरा मी.

तीन महिने गेले. एका गुरुवारी सकाळी फोन उघडला आणि आकडा बारा.

चहा निवला. ओहायोतली कुणी नात आजोबांची ट्रंक उघडताना मला स्पष्ट दिसली. त्या नातीला, त्या आजोबांना, त्या सिगारेट ओढणाऱ्या पणजोबांना मी ऑफिसला जाईपर्यंत आणि ऑफिसात बसूनही शिव्या घातल्या. संध्याकाळी पत्रपेटीऐवजी ईमेल उघडलं. कंपनीचा निकाल सकाळीच येऊन पडला होता. माझ्या कार्डाला परीक्षकांनी पुन्हा, पूर्ण विचारान्ती, चार गुण दिले होते.

अकरा अधिक मी, बारा.

जुनी चिठ्ठी परत पाठवावी म्हणून ड्रॉवर उपसले, ओट्यामागे टॉर्च मारला. ‘‘ती ना? पसारा नको म्हणून टाकली कागदाच्या डब्यात,’’ बायको म्हणाली. त्या डब्याची गाडी येऊन कित्येक आठवडे झाले होते. बर्गरसाहेबांना निदान अख्खा समुद्र लागला. आमचं विसर्जन निळ्या डब्यात उरकलं.

रात्री सांगलीचा फोन आला. बाबांच्या सकाळच्या चहाची वेळ.

‘‘इथे आयर्विनला अठरा,’’ ते म्हणाले. ‘‘तुझं किती?’’

‘‘बारा.’’

‘‘वाढलं की रे!’’

‘‘तक्त्यात बारा, बाबा. खरे अकराच.’’ आणि मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पक्कड, आमटी, चिठ्ठी, ओहायोची नात.

बाबा बराच वेळ गप्प होते. पलीकडे बशीत चहा ओतल्याचा आवाज आला.

‘‘म्हणजे,’’ ते म्हणाले, ‘‘पातळी बघायला गेलेला माणूसच पाण्यात उतरला होता म्हण.’’