आधी बातमी वाचू द्या!

(मराठी बातम्यांच्या एका संकेतस्थळाच्या मालकांस खुले पत्र)

महोदय,

तुमच्या संकेतस्थळाचं नाव मी घेत नाही. घेतलं तर बाकीचे सुटलो म्हणतील, आणि हे पत्र त्यांनाही तेवढंच लागू आहे.

माझी मावशी चिपळूणला राहते. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं. तेव्हापासून पावसाचा जोर वाढला की ती आधी बातम्या बघते. गेल्या पावसाळ्यात रेड अलर्ट असताना तिने तुमची बातमी उघडली. मथळा दिसतो न दिसतो तोच त्यावर चौकट आली : ‘ताज्या बातम्यांसाठी नोटिफिकेशन सुरू करा’. खाली दोनच बटणं, ‘हो’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. ‘नंतर’ दाबलं, तर ‘आमचं ॲप डाउनलोड करा’. तेही हटवलं, तर अर्धा स्क्रीन भरून म्युच्युअल फंडाची जाहिरात. ती बंद करायची फुली कोपऱ्यात, फिकट करड्या रंगात, ज्वारीच्या दाण्याएवढी. मावशीचं बोट जरा बाजूला पडलं आणि भलतंच पान उघडलं. नदीला पाणी किती चढलंय ते तिला शेवटी शेजाऱ्यांकडून कळलं.

यातलं काहीही आपोआप झालेलं नाही. ‘नाही’चं बटण ठेवायचं नाही, हे तुमच्या कचेरीत कोणीतरी ठरवलं. फुली किती बारीक करायची, हेही ठरवलं. चौकट उघडी असेपर्यंत मागचं पान बोटाने सरकू नये, असा कोड मुद्दाम लिहून घेतला. एवढी मेहनत तुम्ही वाचकाला अडवण्यावर घेता! त्यातली थोडी बातमीवर घेतली असती, तर मथळ्यात ‘धक्कादायक’ लिहून वाचकाला आत ओढावं लागलं नसतं.

अशा चौकटींचं मूळ म्हणजे पॉप-अप, जाहिरातीची आपोआप उघडणारी वेगळी खिडकी. त्याचा पहिला कोड लिहिणाऱ्यांपैकी एक ईथन झुकरमन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते अमेरिकेतल्या ट्रायपॉड या कंपनीत होते. लोकांनी तिथे बनवलेल्या वैयक्तिक पानांवर कंपनी जाहिराती लावायची. एका मोटार कंपनीची जाहिरात अश्लील विषयाच्या पानावर झळकली आणि ती कंपनी भडकली. मग जाहिरातीचा त्या पानाशी संबंध दिसू नये म्हणून ती वेगळ्या खिडकीत उघडायची युक्ती निघाली. २०१४ मध्ये झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्यांनी माफी मागितली, आणि तुम्ही अजून तेच लावून बसला आहात.

खरं तर ते दुखणं मधल्या काळात आटोक्यात आलं होतं. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररलाही पॉप-अप रोखण्याची सोय मिळाली. फायरफॉक्समध्ये ती होतीच. यावर तुमच्या धंद्याने पळवाट काढली. नवी खिडकी उघडायचीच नाही, चौकट त्याच पानावर वरच्या थरात काढायची. ब्राउझरच्या लेखी ती पानाचाच भाग, त्यामुळे तो तिला अडवत नाही. लोकांना ही गोष्ट नको आहे, हे कळल्यावरच तुम्ही ती अशी मागच्या दाराने आणलीत.

डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकाचं काय होतं, हे कधी पाहिलंत? तो स्क्रीन रीडरने पान ऐकतो. तुमच्या फुलीला कोडमध्ये नावच दिलेलं नसेल, तर त्याला नुसतं ‘बटण’ ऐकू येतं. कीबोर्डवरची एस्केप दाबूनही चौकट जात नसेल, तर तो तिथेच अडकतो.

कायद्याचंही सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. फसव्या रचनेचे १३ प्रकार त्यात दिले आहेत. त्यातला एक प्रकार म्हणजे ग्राहकाच्या मागे सतत लकडा लावणं. त्याची उदाहरणं वाचा : ॲप डाउनलोड करा म्हणून पुन्हा पुन्हा विचारणं, ‘नाही’ म्हणायची सोय न ठेवता नोटिफिकेशनची मागणी करत राहणं. तुमच्याच पानाचं वर्णन आहे ते! गूगलनेही जानेवारी २०१७ पासून, मोबाइलवर मजकूर झाकून टाकणारी पानं शोधनिकालात खाली ढकलण्याचं धोरण लावलं आहे. म्हणजे यात तुमचंही नुकसानच आहे.

जाहिराती लावू नका, असं मी म्हणत नाही. पत्रकारांचे पगार त्यातूनच होतात आणि ते वेळेवर व्हायलाच हवेत. दोन परिच्छेदांच्या मधे जाहिरात लावा, ‘जाहिरात’ असं वर स्पष्ट लिहा. वाचक कुरकुर करणार नाही. नोटिफिकेशनचं विचारायचं असेल तर बातमीच्या शेवटी विचारा, आणि ‘नाही’चं बटण ‘हो’एवढंच मोठं ठेवा. एकदा ‘नाही’ म्हटलेल्याला पुन्हा छळू नका. मावशीने पुढे एकदा त्रासून ‘हो’ दाबलं. तुमच्या महिन्याच्या अहवालात ती आता ‘सबस्क्रायबर’ म्हणून मोजली जात असेल. जाहिरातदारांना दाखवायचा तुमचा तो आकडा असाच वैतागातून जमलेला आहे.

पुढचा पावसाळा यायच्या आत निदान पूर, वादळ आणि दरडींच्या बातम्यांवरून तरी या चौकटी काढा. त्या पानांवर माणूस जीव मुठीत धरून आलेला असतो.

आणि वाचकहो, त्रासून ‘हो’ दाबलं असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन त्या संकेतस्थळाच्या नोटिफिकेशन बंद करा. ‘नाही’ म्हणूच देत नसतील, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

आपली,
एक वाचक