जोडून देणारे काका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, पाण्याच्या टाकीवर नजर ठेवणारे एक गृहस्थ असतात आणि एक जोडून देणारे काका असतात. पहिल्या दोघांच्या गळ्यात ते काम पडलेलं असतं. काका मात्र स्वयंभू. नव्या टीव्हीचं खोकं लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्याने वर जाताना दिसलं की काकांनी पायात चपला सरकवल्याच. "कंपनीचा माणूस येणार आहे," हे त्यांना सांगून काही उपयोग नसतो. "तो भिंतीवर टांगून जातो. नेटला आपल्यालाच लावायचाय!"

काका बहुधा टेलिफोन खात्यातून किंवा विजेच्या बोर्डातून निवृत्त झालेले असतात, पण खरं शिक्षण गच्चीवर झालेलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यात दिसू लागलं आणि शहरातले यच्चयावत अँटेना गडाकडे तोंड करून उभे राहिले. कावळा बसला तरी चित्र हलायचं. मग काका गच्चीत, एक जण जिन्यात आणि एक जण टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" १९८७ साली 'रामायण' सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी अख्ख्या वाड्याची भिस्त काकांच्या मनगटावर असे. त्या काड्यांच्या अँटेनाला यागी-उडा हे नाव दोन जपानी संशोधकांवरून पडलं, ही माहिती ते आजही न विचारता देतात.

नंतर केबलवाला आला, छत्री आली आणि काकांचं राज्य खालसा झालं. स्मार्ट टीव्हीने ते परत मिळवून दिलं.

काका घरात शिरले की टीव्हीकडे बघतसुद्धा नाहीत. पहिला प्रश्न, "राऊटर कुठंय?" राऊटर हॉलची शोभा घालवतो म्हणून त्याला चपलांच्या कपाटात, फ्रिजच्या मागे किंवा बेडरूममधल्या लोखंडी कपाटाआड दडवलेलं असतं. काका ते ध्यान बाहेर काढतात, धूळ फुंकतात आणि घरच्यांना बौद्धिक देतात. लहरी बहुधा दोन तऱ्हांच्या असतात. २.४ गिगाहर्ट्झवाली हळू चालते पण भिंतीपलीकडे पोचते. ५ गिगाहर्ट्झवाली वेगवान, पण सिमेंटची भिंत आली की निम्मा जोर तिथेच टाकते. लोखंडी कपाटापुढे दोघीही हात टेकतात. हे सगळं खरं आहे. पंचाईत एवढीच, की काका ते दर घरी पहिल्यापासून सांगतात.

"मोबाईलला दिसतंय, मग टीव्हीला का दिसत नाही?" ही तक्रार तर त्यांची आवडती. बऱ्याच स्वस्त आणि जुन्या टीव्हींना फक्त २.४ पकडता येतं आणि घरातल्या मंडळींनी वेगाच्या हव्यासापायी तेच बंद करून ठेवलेलं असतं. काका ते चालू करतात. तेवढ्यात पडद्यावर आजूबाजूच्या वायफायची यादी उमटते आणि काका ती मतदारयादी चाळावी तशी वाचून काढतात. तिसऱ्या मजल्यावर कनेक्शन बदललेलं दिसतंय. पलीकडच्या विंगेत भाडेकरू आले वाटतं.

खरी कसोटी पासवर्डची. "वहिनी, पासवर्ड?" वहिनी मुलाकडे बोट दाखवतात आणि मुलगा असतो कॅनडात. तिथे पहाटेचे चार वाजलेले. शेवटी राऊटर उलटा करून त्याच्या बुडाखालचं चिकटपत्र मोबाईलच्या उजेडात वाचलं जातं. शून्य की ओ, एक की एल, यावर घरात दोन तट पडतात. मग रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपायचं. निम्म्यावर आलं की कुणीतरी म्हणतं, "पहिलं अक्षर कॅपिटल होतं बहुतेक." असा पासवर्ड आठ अक्षरांपासून त्रेसष्टपर्यंत कितीही लांब असू शकतो. तो त्रेसष्टचा नाही, हे घरच्यांचं भाग्य.

सोसायटीत काकांचा जो दबदबा आहे तो एका प्रकरणामुळे. कुणाच्या तरी मुलाने अमेरिकेहून टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक आणली होती. तिला शेजाऱ्यांची सगळी वायफायं दिसत आणि घरचंच तेवढं दिसेना. काकांनी राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून चॅनेल तेराचा सहा केला आणि जोडणी झाली. आपल्याकडे २.४च्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल चालतात. तिकडची यंत्रं बहुधा अकरापर्यंतच बघतात. हे निदान कंपनीच्या माणसालाही जमलं नव्हतं, असं काका सांगतात. कंपनीच्या माणसाला बोलावलंच नव्हतं, हे काकू सांगतात.

जिथे विद्या कमी पडते तिथे काका मायक्रोवेव्हला पकडतात. तोही २.४च्याच आसपासच्या लहरींवर चालतो, त्यामुळे आरोप अगदीच निराधार नसतो. पण तो बंद असतानाही काकांचा संशय त्याच्यावरच. एकदा वायफाय जोडलेलं, सिग्नल भरपूर, तरी एकही ॲप उघडेना. काकांनी स्वयंपाकघराकडे जळजळीत नजर टाकली. घरातल्या सातवीतल्या मुलीने टीव्हीची तारीख बघितली. १ जानेवारी १९७०! तारीख चुकली की सुरक्षेची प्रमाणपत्रं टीव्हीला खोटी वाटतात आणि ॲप दार उघडत नाहीत. मुलीने तारीख दुरुस्त केली. "मी तेच बघणार होतो," काका म्हणाले.

तेव्हा नवा टीव्ही घेणार असाल तर राऊटर उघड्यावर आणून ठेवा, पासवर्ड कागदावर ठळक लिहून ठेवा आणि मुलगी शाळेतून यायची वेळ लक्षात असू द्या. काका चहाला नको म्हणतील. तरी आधण ठेवाच, कारण जोडल्याबरोबर टीव्ही पहिलं काम म्हणून अपडेट उतरवायला घेतो आणि ते पुरं झाल्याशिवाय काका उठत नाहीत.